तिकडची कृत्तिका

कृत्तिका तलावात पडली तेव्हा मल्लिनाथ उटगेला पोहता येत नव्हतं, आणि त्याच्या माहितीप्रमाणे कृत्तिकेलाही येत नव्हतं.

पॉलिटेक्निकच्या मागच्या तलावात कमळाचं पान ओढायला ती वाकली आणि सरळ आत गेली. काठावर वही तपासत बसलेल्या मल्लिनाथने किंकाळी फोडली, चपला काढल्या, पुन्हा घातल्या. संकटात माणूस काय करेल याचा नेम नसतो, आणि गणिताच्या मास्तरांचा तर नसतोच. तेवढ्यात नऊ वर्षांची कृत्तिका वर आली, तोंडातलं पाणी थुंकली, हात टाकत पलीकडच्या काठापर्यंत गेली, तिथे पाय मारून वळली आणि तशीच परत आली.

"अप्पा, बघितलंत? मला पोहता येतं!" ती काठावर चढून ओरडली. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

"कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. आपोआप आलं."

ती खोटं बोलत नव्हती. मल्लिनाथच्या घरात खोटं बोलायचं नाही हा पहिला नियम होता आणि ती तो पाळत असे. पोरगी वाचली म्हणून त्याने देवाचे आभार मानायला हवे होते. ते त्याने मानले, पण संध्याकाळी. त्या क्षणी त्याच्या छातीत भडकला तो निव्वळ जळफळाट होता. ही पोरीच्या आईची, नमिताची करणी. तिच्या आठवड्यात, तिच्या समुद्रात, तिच्या हाताला धरून ही शिकली. आणि ते सगळं घडलं कसं, कोण किती हसलं, पहिल्यांदा तोंडात खारं पाणी गेलं तेव्हा पोरीने कुणाला मिठी मारली, हे विचारायची सोयच नव्हती, कारण कृत्तिकेलाही ते ठाऊक नव्हतं.

त्याचं कारण म्हणजे कप्पेबंदी. ही काय चीज आहे ते इथेच सांगून टाकलं पाहिजे.

स्वयंपाकघरातून काही आणायला आपण बाहेरच्या खोलीत जातो आणि काय आणायला आलो तेच विसरतो. परत ओट्यापाशी गेलं की आठवतं. याचा अर्थ आठवण नाहीशी झालेली नसते, ती जिथे तयार झाली तिथल्या परिस्थितीला बांधलेली असते. ती परिस्थिती परत आली की आठवण परत येते. आपल्यात ही गाठ सैल असते. शास्त्रज्ञांनी ती घट्ट करायचं औषध शोधलं, आणि परिस्थिती म्हणून निवडला वास, कारण नाकाची वाट स्मृतीच्या केंद्राशी जितकी जवळून जाते तितकी डोळ्यांची वा कानांची जात नाही. निसर्गात कुठेही नसलेले दोन वास प्रयोगशाळेत बनवण्यात आले. त्यांना लोक गंधकळ म्हणू लागले. दिव्याची कळ दाबावी तशी ही मेंदूतली कळ. एक वास दिला की दोन-तीन मिनिटांची गुंगी येई, आणि जाग येई ती त्या वासाच्या कप्प्यात. त्या कप्प्यात जे घडलं तेवढंच आठवणार, दुसऱ्या कप्प्यात घडलेलं नाही.

हे कशासाठी? तर घटस्फोट झालेल्या आईबापांच्या पोरांसाठी. ज्यांच्या दोन घरांत दोन देव, दोन जेवणं आणि दोन प्रकारचं खरंखोटं असतं, अशांची मुलं फार लवकर दुतोंडी होतात. इकडे एक सांगतात, तिकडे एक, आणि रात्री अंथरूण ओलं करतात. कप्पेबंदी केलेलं मूल मात्र प्रत्येक घरात अख्खं त्या घरचं होऊन राहतं. कौटुंबिक न्यायालयाने पाच वर्षांवरच्या मुलांसाठी ती मान्य केली, दोन्ही पालकांची संमती असेल तर. दर आठवड्याला मुलांना पालटघरात आणायचं, तिथे कळ बदलायची, आणि ती टिकावी म्हणून घरी रोज सकाळी त्याच वासाचा एक फवारा कुपीतून द्यायचा. दोन शाळा, दोन दप्तरं, कपडे वेगळे. मधला आठवडा मुलाला झोपेसारखा वाटे. ही मुलं त्याला लांब झोप म्हणत आणि सगळ्यांनाच ती येते अशी त्यांची पक्की समजूत असे. दुसऱ्या पालकाविषयी विचारलं तर 'लांब आहे, बरी आहे' एवढंच सांगायची मुभा होती.

मल्लिनाथ लातूरकडचा लिंगायत. पहाटे उठून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूती, कडक शाकाहार आणि कुणालाही तोंडावर खरं सांगून टाकायची सवय. नमिता तांडेल मालवणची. ती भाट्याच्या किनाऱ्यावर लोकांना समुद्राच्या तळाशी न्यायचा धंदा करायची, भरतीची वेळ साधायला पोरीची शाळा बुडवायची, माशाशिवाय जेवण म्हणजे उपास समजायची. कॉलेजात असताना दोघांना एकमेकांचं हेच आवडलं होतं. लग्नानंतर हेच नडलं. पाच वर्षांची कृत्तिका एकदा आईकडून आली आणि बापाने न विचारताच म्हणाली, "मी तिकडे काही खाल्लं नाही." तिच्या बोटांना सुरमईचा वास येत होता. दुसऱ्याच दिवशी मल्लिनाथने कप्पेबंदीचा अर्ज केला. नमिता आधी तयार नव्हती. नंतर दमून तयार झाली.

आता चार वर्षांनी तो डॉक्टर शहनाज मुकादम यांच्यासमोर तक्रार घेऊन बसला होता. या बाईंनीच रत्नागिरीतलं पालटघर उभारलं होतं.

"तुमचं औषध गळतंय," तो म्हणाला. "तिकडचं पोहणं इकडे आलं."

"ते येणारच, उटगे सर. घडलेलं कप्प्यात जातं, शिकलेलं जात नाही. सायकल कधी शिकलात ते तुम्ही विसरलात तरी सायकल विसरत नाही ना? मेंदूत दोन्हींची जागाच वेगळी आहे."

"म्हणजे तिची आई माझ्या घरात येते तर."

"हातापायांतून येते, हो."

"आणि माझं काय जातं तिकडे?"

डॉक्टरबाईंना बिचाऱ्यांना काही लागट बोलायचं नव्हतं. "पाढे जात असतील," त्या म्हणाल्या.

मल्लिनाथला ते इतकं झोंबलं की तो निरोप न घेताच निघाला. नमिताने पोरीला समुद्र दिला आणि आपण दिले एकोणतीसचे पाढे. घरी आल्यावर त्याने कृत्तिकेकडे नीट पाहिलं. ती वाटाण्याची उसळ निमूट खात होती. "अजून वाढू?" तर "नको, अप्पा." "फिरायला जाऊ या?" तर "तुम्ही म्हणाल तसं, अप्पा." गुणी पोर. पण तिच्या दृष्टीने जगात कायम अप्पाच होते. उठली की अप्पा, लांब झोपेतून उठली तरी अप्पाच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. तिकडे मात्र ती नमिताच्या गळ्यात पडत असेल, असं त्याला सारखं दिसू लागलं. वर्गात शिकवताना दिसे, पूजा करताना दिसे. तिकडची कृत्तिका हसरी असणार, बडबडी असणार. ती आपलीही मुलगी असून आपल्याला कधीच भेटणार नाही, या विचाराने त्याची झोप उडाली.

अशा वेळी नमिताच्या गबाळेपणाने घात केला. दोन घरांमधून एकच वस्तू ये-जा करी, ती म्हणजे कृत्तिकेच्या चष्म्याची डबी, कारण नंबर दोन्हीकडे सारखाच होता. एका सोमवारी ती उघडली तर चष्म्याशेजारी बोटाएवढी निळी कुपी. नमिताच्या घरची गंधकळ. कुठेतरी घाईत बाहेर जाताना तिने ती डबीत कोंबली आणि विसरली. नियमाप्रमाणे ती तत्काळ पालटघरात परत करायला हवी होती. मल्लिनाथने नियम कधी मोडला नव्हता. त्याने ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली. उद्या देऊ म्हणाला, आणि उद्या उगवलाच नाही. नमिताने हरवली म्हणून नवी मागून घेतली असावी, कारण कुणी चौकशी केली नाही.

महिनाभराने कॉलेजला सुट्टी असलेल्या एका सकाळी त्याने कृत्तिकेला खुर्चीवर बसवलं. रोज सकाळी त्याच्या पिवळ्या कुपीचा एक फवारा ती घेतच असे, त्यामुळे तिने मान पुढे केली. त्याने निळी कुपी धरली. तापलेल्या काचेसारखा वास सुटला. कृत्तिकेची मान कलली. बायकोच्या घरात खिडकीतून डोकावून पाहतोय असं त्याला वाटलं, आणि लाजही वाटली.

मग तिने डोळे उघडले, खोली पाहिली, त्याला पाहिलं.

"अप्पा?"

कप्पेबंदीच्या आधीची पाच वर्षं दोन्ही कप्प्यांत असतात, हे तो विसरलाच होता. या पोरीला बाप ठाऊक होता. फक्त तो चार वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता.

"अप्पा! तू इलंस?" ती खुर्चीवरून उडीच मारून आली. चष्मा पडला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले ते इतके घट्ट की त्याला श्वास घेता येईना. "खंय होतंस इतके दिस? आये म्हणता तू लांब गेलंस. मी तुझी वाट बघत होतंय, माहीत आसा?"

आयुष्यात मल्लिनाथला इतक्या ओढीने कुणी भेटलं नव्हतं. आईसुद्धा नाही. शिवाय ती त्याला 'तू' म्हणत होती. इकडच्या कृत्तिकेला त्याने 'तुम्ही' शिकवलं होतं, चांगलं वळण म्हणून. तो रडला. ती त्याचे डोळे फ्रॉकने पुसत राहिली आणि बडबडत राहिली, खेकडे, होड्या, एक कुत्रा, पाण्याखाली दिसणारा जांभळा मासा. दुपारी ती म्हणाली, "माका भूक लागली. बांगडो आसा?"

त्या दिवशी बांगडा नव्हता. पुढच्या वेळी होता. मिरकरवाड्याच्या बाजारात मल्लिनाथ उटगे नाकाला रुमाल न लावता उभा राहिला, तेव्हा ओळखीची कोळीण म्हणाली, "मास्तर, वाट चुकलात काय?"

"ताजा बघून द्या. लहान मुलीसाठी आहे."

"कुणाची हो?"

"माझीच," तो म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी ऐटीत चालत घरी आला.

ज्या माशापायी संसार मोडला तो मासा आता त्याच्या ओट्यावर साफ होऊ लागला. वास मारायला तो नंतर कापूर जाळी. संध्याकाळी पिवळी कुपी देऊन इकडच्या कृत्तिकेला परत आणायचं आणि "ताप आला होता, दिवसभर झोपलीस" असं सांगायचं, हेही अंगवळणी पडलं. खोटं बोलायचं नाही हा नियम घरात होताच, तो आता फक्त तिच्यापुरता उरला होता. आधी सुट्टीच्या दिवशी, मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो तिकडचीला बोलावू लागला. नमिताला आपण चांगलंच हरवतोय, तिच्या कप्प्यात शिरून तिची पोर पळवतोय, याचं त्याला भलतंच समाधान वाटे. तिकडे घरी गेल्यावर ही पोरगी 'अप्पा भेटला' असं सांगत असेल आणि नमिता स्वप्न समजून सोडून देत असेल. नाहीतर तिलाही जळू दे, असं तो मनात म्हणे.

इकडची कृत्तिका मात्र सुकू लागली. पूजेला बसली की पेंगे. पाठ असलेलं मध्येच विसरे आणि घाबरून त्याच्याकडे बघे. तपासणीच्या दिवशी डॉक्टर मुकादम पडद्यावरच्या रेषा बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कृत्तिकेला बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"निळा कप्पा जितका वाढायला हवा त्यापेक्षा जास्त वाढलाय. हे तुमच्या घरी होतंय की आईच्या, ते मी विचारत नाही. विचारलं तर मला न्यायालयाला कळवावं लागेल."

मल्लिनाथ उठायला लागला.

"आधी ऐका. कप्पा वापरला नाही की विरळ होतो, पायवाटेवर चाललं नाही की गवत माजतं तसा. या मुलीचा पिवळा कप्पा आधीच पातळ झालाय. असंच चाललं तर एक दिवस तुम्ही पिवळा वास द्याल आणि कुणी येणार नाही."

"कुणी म्हणजे?"

"तुमच्या घरात वाढलेली मुलगी. तुमचं ऐकणारी, तुम्ही शिकवलेलं मानणारी. बाहेर बाकावर बसलीय ती."

"दोघी एकच आहेत, डॉक्टर. मुलगी माझी एकच आहे."

"मग तुम्हाला एक पुरत का नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं. घरी जाऊन निळी कुपी फोडून टाकायची, असा त्याने रिक्षात निश्चय केला. कृत्तिका त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. त्याला तिची दया आली, आणि त्याच वेळी दुसरीची आठवण आली.

कुपी फुटली नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी पोळपाटाशी बसून तो भाकरी थापत होता. समोर टेबलावर इकडची कृत्तिका ताट घेऊन बसली होती. अर्धी भाकरी, मेथीची भाजी. ती जेवत नव्हती. डाव्या हाताचं नख न्याहाळत होती.

"काय करलालीस? जेव की," तो म्हणाला. रागावला की त्याचं लातूर बाहेर येई.

"अप्पा, माझ्या नखात खवलं आहे."

तो थांबला.

"माशाचं आहे," ती म्हणाली. "मला कसं माहीत, ते माहीत नाही. पण मला माशाची खवलं काढता येत असणार, जसं पोहता येतं. मी काल तापात झोपले होते ना?"

तिने टेबलाखालून हात वर आणला. मुठीत निळी कुपी होती.

"पिठाच्या डब्यामागे होती. अप्पा, लांब झोपेत मी कुठे असते?"

तिने सरळ विचारलं. सरळ विचारलेल्याला खोटं उत्तर देणं, तेही भाकरीचं पीठ हाताला असताना, त्याला जमलं नाही. इतके दिवस जमलं होतं, आज नाही. त्याने हात धुतले, तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं. आई लांब नाही, भाट्याला आहे. तू दर आठवड्याआड तिच्याकडे असतेस. ती वेगळी कृत्तिका असते, म्हणजे तूच, पण तिकडची.

"आणि ती इथे येते?"

"मी बोलावतो."

"कशी आहे ती?"

इथे मल्लिनाथ चुकला. त्याने एका वाक्यात आवरायला हवं होतं. पण तिकडच्या कृत्तिकेविषयी त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं, आणि मनात साठलेलं खूप होतं. तो सांगत सुटला. ती कशी धावत येते, कशी हसते, खेकड्याची नक्कल कशी करते, जांभळ्या माशाची गोष्ट दर वेळी नव्याने कशी सांगते, बांगड्याचा काटा कसा अलगद सोडवते. सांगताना त्याचा चेहरा उजळला. कृत्तिका तो चेहरा टक लावून बघत होती. हा चेहरा तिने याआधी पाहिला नव्हता.

"तुम्ही आपल्या घरात मासे करता?"

"तिच्यासाठी."

"मी मागितले असते तर?"

त्याने ताट तिच्याकडे सरकवलं.

"ती तुम्हाला काय म्हणते?"

"अप्पाच म्हणते. पण अरे-तुरे करते. तू म्हणते."

कृत्तिकेने ओठ ओले केले. "अप्पा, तू..." ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला. "अप्पा, तू जे..." तिची जीभ वळेना. चार वर्षं लावलेलं वळण होतं. ती गोरीमोरी झाली, मग लाल झाली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मल्लिनाथने लगेच ओळखलं, कारण चार वर्षं आरशात तो तेच बघत आला होता.

"मी पहाटे उठते," ती म्हणाली. "मी विभूती लावते. मला एकोणतीसचा पाढा येतो. मी खोटं बोलत नाही. हे सगळं तुम्हाला आवडतं म्हणून करते. ती काहीच करत नाही, आणि तुम्हाला ती आवडते."

"तसं नाही गं, बाळा. तू आणि ती..."

"माझ्यासाठी तुम्ही एकदाही असे हसला नाहीत."

"कृत्तिका, ती कुपी इकडे दे."

"तिलाच बोलवा," ती म्हणाली. "मी ताप आल्यासारखी झोपते." तिने टोपण काढलं आणि एक नाही, दोन नाही, लागोपाठ कितीतरी फवारे ओढले. मल्लिनाथ उठेपर्यंत तिचं डोकं टेबलावर टेकलं होतं.

त्याने धावत जाऊन देव्हाऱ्याशेजारची पिवळी कुपी आणली. गुंगीतच दिली तर ती परत येण्याची शक्यता होती. निदान आज तरी होती. पुढच्या खेपेला असेलच असं डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं. त्याने टोपण काढलं, तिच्या नाकाशी हात नेला. केस चेहऱ्यावर आले होते ते बाजूला केले. गालावर अश्रू होता. तो इकडचीचा होता.

मल्लिनाथचा हात तसाच राहिला. उठल्यावर ही आपल्याकडे कशी बघेल, याचा तो विचार करत होता. आणि दुसरी कशी बघेल, तेही त्याला ठाऊक होतं.

तिने डोळे उघडले.

"अप्पा! इलंस!" दोन हात त्याच्या गळ्यात पडले. ती हसत होती. ओल्या गालाचं तिलाच कोडं पडलं, तिने तो त्याच्या सदऱ्याला पुसून टाकला. "आज बेगीन जाव नको हां. जातलंस?"

"नाही," मल्लिनाथ म्हणाला. त्याने तिच्या पाठीमागे पिवळ्या कुपीला टोपण लावलं आणि ती खिशात टाकली.

ती त्याच्या मांडीवर बसली आणि टेबलाकडे वळली. अर्धी भाकरी, न खाल्लेली मेथीची भाजी.

"ह्यां ताट कोणाचा?"

"कुणाचं नाही," तो म्हणाला, आणि त्याने ते उचलून बाजूला ठेवलं.